गिळायला शिकवता येतं का?

साशंक : मी एका कागदापासून सुरुवात करतो. पक्षाघाताचा रुग्ण मोठ्या शहरातल्या रुग्णालयातून गावी परततो तेव्हा त्याच्या फाइलीत हल्ली एक झेरॉक्स असते. तिच्यावर चित्रं असतात. जीभ बाहेर काढा, जीभ टाळूला दाबा, गाल फुगवा, उताणं झोपून मान उचला, जोर लावून आवंढा गिळा. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीनदा. तोच कागद मी घशाच्या कॅन्सरसाठी किरणोपचाराचा शेक घेऊन आलेल्या माणसाच्या हातात पाहिला आहे आणि कंपवाताच्या आजोबांच्याही. आजार तीन, गिळण्याच्या अडचणी तीन तऱ्हेच्या, कागद मात्र एकच. घरचे लोक तो भिंतीवर चिकटवतात, आठवडाभर मनापासून करवून घेतात आणि मग सोडून देतात. माणूस सुधारला तर व्यायामानं सुधारला म्हणायचं, नाही सुधारला तर त्यानं नेमानं केले नाहीत म्हणायचं. पक्षाघातात गिळणं बिघडलेल्या पुष्कळ लोकांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांत आपोआप परततं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मग श्रेय व्यायामाला कशाच्या आधारावर द्यायचं? माझ्याकडे येणारी माणसं दिवसाचा खाडा करून येतात. त्यांना मी एखादी गोष्ट दिवसातून तीनदा करायला सांगतो तेव्हा ती उपयोगाची आहे, याची मला खात्री हवी असते.

आग्रही : कागदाबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही, डॉक्टर. असा सरसकट कागद मीही कुणाच्या हातात देत नाही. पण कागद वाईट म्हणून व्यायाम वाईट ठरत नाही. गिळताना काय होतं ते बघू. घोट घशात पोचल्यावर साधारण एका सेकंदात सगळं उरकतं. मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद होते. श्वास थांबतो. स्वरतंतू मिटतात. स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, त्याच्यावरचं झाकण मागे कलतं आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी घट्ट मिटलेली झडप उघडते. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळला की कंठमणी वर चढून खाली आलेला कुणालाही कळतो. ही झडप नुसती सैल पडून पुरेशी उघडत नाही. हनुवटीखालचे स्नायू स्वरयंत्राला वर-पुढे ओढतात आणि त्या ओढीनं ती उघडते. ते स्नायू दुबळे झाले तर झडप अर्धवट उघडते, घोट घशातच साचतो आणि श्वास पुन्हा सुरू झाला की साचलेलं श्वासनलिकेत उतरतं. अमेरिकेत मिल्वॉकीच्या रेझा शाकेर यांनी नेमकं हेच हेरलं. उताणं झोपून, खांदे न उचलता, पायाची बोटं दिसेपर्यंत मान उचलायची. एक-एक मिनिट तीनदा धरायची, मध्ये विश्रांती घ्यायची, मग तीस वेळा उचलायची आणि खाली ठेवायची. दिवसातून तीनदा, सहा आठवडे. 2002 साली त्यांनी नळीनं अन्न घेणाऱ्या रुग्णांवर तो व्यायाम तपासला. काहींना खरा व्यायाम दिला, काहींना दिखाऊ. दिखाऊवाल्यांत फरक पडला नाही. मग त्यांनाही खरा दिला, तेव्हा पडला. माणसं पुन्हा तोंडानं जेवू लागली. यात आपोआप बरं होण्याचा वाटा किती, हाच तुमचा प्रश्न होता ना? दिखाऊ व्यायामाचा गट त्यासाठीच होता.

साशंक : रुग्ण सत्तावीस होते. तेही ज्यांची झडप नीट उघडत नाही असे निवडून घेतलेले. मला त्या अभ्यासाबद्दल आदर आहे, पण त्याच्या आधारावर गावोगावच्या लोकांना मान उचलायला लावायची, हे मला पटत नाही. ज्याला हे करायचं आहे त्याचं वय पंचाहत्तर, मानेचे मणके झिजलेले, रक्तदाब वर, एक हात लुळा. एक मिनिट मान अधांतरी धरायला धडधाकट माणसाचीही मान थरथरते. श्वास रोखून गिळायच्या युक्त्यांचं तर वेगळंच. हृदयाचा आणि पक्षाघाताचा त्रास असलेल्यांत त्या करताना हृदयाचे ठोके अनियमित झाल्याची नोंद 2002 मध्येच झाली आहे. जीभ दातांत धरून आवंढा गिळायचा व्यायाम घ्या. तो फक्त लाळेवर करायचा असतो, कारण जीभ पुढे धरली की घशात अन्न जास्त उरतं. पण कागदावर ते लिहिलेलं नसतं, आणि आई बिचारी मुलाला घास भरवून म्हणते, आता जीभ धर आणि गिळ. आणि एकंदर पुराव्याचं म्हणाल तर 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात पक्षाघातानंतरच्या गिळण्याच्या उपचारांचे 41 अभ्यास एकत्र पाहिले. मृत्यू किंवा परावलंबन कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही.

आग्रही : त्याच आढाव्यात छातीचा संसर्ग आणि रुग्णालयातला मुक्काम कमी झाल्यासारखा दिसतो. पुरावा दुबळा आहे हे खरं, पण तो शून्य नाही. मान उचलण्याला पर्यायही निघाला आहे. 2014 मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी खुर्चीत बसून हनुवटीखाली रबरी चेंडू धरायचा आणि हनुवटीनं तो दाबायचा, असा व्यायाम सुचवला. हनुवटीखालचे तेच स्नायू कामाला लागतात आणि मानेवर ताण कमी पडतो. चेंडू नसेल तर टॉवेलची गुंडाळी चालते. कॅन्सर झालेले, म्हातारे, दमेकरी, सगळ्यांना निदान बसून करता येतो.

पण मला ऑस्ट्रेलियातल्या 2006 च्या एका अभ्यासाकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. नुकताच पक्षाघात झालेले 306 रुग्ण होते, त्यांचे तीन गट केले. एकाला नेहमीची देखभाल. दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा पथ्य आणि बसण्या-गिळण्याच्या सवयींचं मार्गदर्शन. तिसऱ्याला रोज, समोर बसून, गिळण्याचे व्यायाम. सहा महिन्यांनी नेहमीच्या जेवणावर परतले ते पहिल्या गटातले 56 टक्के, दुसऱ्यातले 64 आणि तिसऱ्यातले 70. निकाल काठावरचा आहे, हे मान्य. पण क्रम बघा. जितकी जास्त मेहनत तितका जास्त फायदा. म्हणजे आपल्याकडे व्यायाम फसतो तो बहुधा व्यायामामुळे नाही. एकदा सांगून आपण मोकळे होतो, म्हणून फसतो. पंधरा दिवस रोज शेजारी बसून करवून घेणारं कुणी नसतं.

साशंक : मग रोज कोण बसणार? मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत या विषयाचं शिक्षण मिळतं, पण शिकून झालेली मुलं मुंबई-पुण्यात, नाहीतर परदेशात. माझ्या तालुक्यात एकही नाही. जो उपाय रोज तज्ज्ञ समोर असल्याशिवाय लागू पडत नाही, तो आमच्यासाठी कागदावरच राहतो.

आग्रही : तज्ज्ञ कमी आहेत, म्हणून उपायच नाकारायचा का? कॅन्सरचं उदाहरण घ्या. तंबाखू, मावा, मिश्री यांनी महाराष्ट्रात तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर किती होतात, हे तुम्ही रोज बघता. परळच्या टाटा रुग्णालयात 1941 पासून अशा रुग्णांची रांग लागलेली आहे. शेक घेतल्यावर घशाचे स्नायू हळूहळू राठ होत जातात, जबडा उघडेनासा होतो. या राठपणाला सुरुवात झाली की तो वर्षानुवर्षं वाढत राहतो. पक्षाघातात काळ बहुधा रुग्णाच्या बाजूनं असतो, इथं विरुद्ध असतो. म्हणून व्यायाम शेक सुरू व्हायच्या आधी शिकवायचा, घसा सोलवटलेला असतानाही जमेल तेवढं तोंडानं खात राहायचं आणि शेक संपल्यावरही जबडा रोज ताणायचा. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रात 2013 मध्ये जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा ज्यांनी शेकादरम्यान खाणंही सोडलं नाही आणि व्यायामही सोडला नाही, त्यांचं पुढचं खाणंपिणं सगळ्यांत चांगलं राहिलेलं दिसलं. ज्यांनी दोन्ही सोडलं त्यांचं सगळ्यांत वाईट.

साशंक : यात एक मोठी फट आहे, ताई. ज्यांचा त्रास मुळातच कमी होता तेच खाऊ शकले आणि तेच व्यायाम करू शकले, असंही असेल. तरी कॅन्सरपुरतं मी तुमच्या बाजूला येतो. कारण तिथं स्नायूला काय होणार हे आधीच माहीत आहे आणि वेळ गेली की परत येत नाही.

पण त्यामुळेच माझी खरी हरकत आणखी टोकदार होते. तुम्ही म्हणालात, शाकेर यांनी नेमकं हेरलं. कशानं हेरलं? क्ष-किरणांखाली बेरियम मिसळलेला घोट गिळायला लावून. घोट कुठं अडतो, कधी सांडतो, झडप किती उघडते, हे डोळ्यांनी बघून. नाहीतर नाकातून बारीक दुर्बीण घालून. या दोन्ही तपासण्या बड्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणी होतात. बाहेरून बघून मला काय कळतं? ठसका लागला तर कळतं. पण पुष्कळ रुग्णांत घोट श्वासनलिकेत उतरतो आणि ठसकाही लागत नाही, तिथली जाणीवच गेलेली असते. घरचे म्हणतात, अगदी छान गिळतात हो. आणि तिसऱ्यांदा न्यूमोनिया झालेला असतो. कोणता दुवा तुटला आहे हे न बघता मी व्यायाम दिला तर ते अंधारात औषध देण्यासारखं आहे. ज्याचे स्नायू वापरले की आणखी थकतात, त्या मायस्थेनियाच्या रुग्णाला जोर लावून गिळायला लावलं तर तो जेवणाआधीच दमेल. कंपवातात फुंकणीसारख्या उपकरणात जोरानं फुंकायचा व्यायाम उपयोगी पडल्याचं 2010 च्या अभ्यासात दिसलं, पण म्हणून तो सगळ्यांना लावता येत नाही. तपासणी नाही तिथं व्यायाम नको, असं मी म्हणतो. यात तुम्हाला चूक काय दिसते?

आग्रही : चूक नाही. अपुरं आहे. ‘व्यायाम नको’ म्हणून तुम्ही थांबता, आणि व्यायामाबरोबर शिकवणंही बाजूला पडतं. या दोन गोष्टी मी आता वेगळ्या करते. व्यायाम हा औषधासारखा, निदान पाहून द्यायचा. शिकवणं मात्र निदानाआधीही करता येतं आणि त्याला यंत्र लागत नाही.

आपल्या घरांत काय चालतं ते बघा. ठसका लागला की डोक्यावर थापटी मारून ‘वर बघ, वर बघ’ म्हणतात. धडधाकट माणसाला त्यानं काही होत नाही, कारण त्याचा ठसकाच त्याला वाचवतो. पण ज्याचा घसा दुबळा झाला आहे त्याची मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते आणि तोंडातलं उरलेलं थेट घरंगळतं. पेल्यातला शेवटचा घोटही आपण मान मागे टाकूनच घेतो. दुसरी सवय पडल्या-पडल्या पाजण्याची. माणूस ग्लानीत आहे, डोळे मिटलेले आहेत, आणि जवळचं कुणीतरी चमच्यानं पाणी घालतं, कारण ओठ सुकलेले बघवत नाहीत. पक्षाघात झाल्यावर पहिल्या तासात तर हे हमखास होतं. रुग्णवाहिका येईपर्यंत साखरपाणी, चहा, कुणी ब्लडप्रेशरची गोळी. तिसरी, भरवताना बोलतं करायचं, हसवायचं, पहिला घास तोंडात असतानाच दुसरा पुढे करायचा. या सगळ्यामागे माया असते. पण घशाचे स्नायू दुबळे असलेल्या माणसाच्या फुप्फुसात अन्न जातं ते या मायेपोटीच. हे थांबवायला बेरियम कशाला लागतं? पूर्ण जागं असताना, ताठ बसवून, मान सरळ ठेवून, छोटा चमचा, तोंड रिकामं झाल्याचं बघून पुढचा घास, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. एवढं शिकवायला एक दुपार पुरते.

साशंक : हनुवटी छातीशी घेऊन गिळा, हे तुम्ही त्यात घातलं नाहीत.

आग्रही : मुद्दाम घातलं नाही. ते सगळ्यांना चालत नाही. काहींच्या घशाच्या खालच्या खोबणीत साचलेलं त्या हालचालीनं उलट श्वासनलिकेत जातं. ते बघूनच सांगायचं असतं. मान मागे न टाकणं मात्र जवळपास सगळ्यांनाच चालतं.

आणि शिकवण्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट गिळण्याची नाहीच, ती तोंड धुण्याची आहे. लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये 189 वृद्धांचा चार वर्षांपर्यंत मागोवा घेतला. घोट श्वासनलिकेत जाणं एवढ्यानंच न्यूमोनिया होतो असं दिसलं नाही. ज्यांना दुसऱ्यानं भरवावं लागतं, ज्यांचं तोंड दुसऱ्यानं धुवावं लागतं आणि ज्यांचे दात किडलेले आहेत, त्यांना तो जास्त झाला. म्हणजे काय उतरतं याइतकंच, किंबहुना जास्त, किती घाण घेऊन उतरतं याला महत्त्व. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत ज्यांचे दात आणि तोंड दर जेवणानंतर स्वच्छ करून दिले त्यांच्यात दोन वर्षांत न्यूमोनिया 11 टक्क्यांना झाला, बाकीच्यांत 19 टक्क्यांना. हे व्यायामाच्या कोणत्याही अभ्यासापेक्षा भक्कम आहे, आणि त्याला एक ब्रश लागतो. आपल्याकडे तर नाकात नळी असली की तोंडाकडे कुणी बघतच नाही. तोंडानं खात नाहीत ना, मग कशाला धुवायचं? कवळी तशीच, जिभेवर थर तसाच. लाळ मात्र दिवसरात्र खाली उतरत असते. ऑस्ट्रेलियातल्या 19 पक्षाघात कक्षांत परिचारिकांना ताप, रक्तातली साखर आणि गिळण्याची पहिली चाचणी या तीन गोष्टी नीट शिकवल्या. 2011 मध्ये त्याचा निकाल आला. तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन 58 टक्क्यांऐवजी 42 टक्के. यातला गिळण्याचा वाटा वेगळा काढता येत नाही, पण शिकवलं कुणाला ते बघा. परिचारिकांना. तुमच्या तालुक्यात परिचारिका आहेत.

साशंक : आहेत. आणि हे मला व्यायामाच्या कागदापेक्षा शंभरपटीनं पटतं. पण या शिकवण्याचं पुढे काय होतं तेही मी पाहिलेलं आहे. त्याची मनाईची यादी होते. पाणी नको, चहा नको, भात नको, ताक नको, सगळं दाट करून द्या. ही यादी रुग्णाच्या भल्यासाठी लिहिलेली असते तशी ती लिहिणाऱ्याच्या बचावासाठीही असते. पुढे काही झालं तर आम्ही सांगितलं होतं, असं म्हणता यावं म्हणून. दाट पाण्याचंच घ्या. कंपवात आणि स्मृतिभ्रंश असलेल्या 515 लोकांवर अमेरिकेत तीन महिने अभ्यास झाला. 2008 चा. पातळ द्रव हनुवटी खाली घेऊन पिणारे आणि दाट केलेला द्रव पिणारे, यांच्यात न्यूमोनियाचा म्हणावा असा फरक पडला नाही. शरीरातलं पाणी कमी होण्याचं प्रमाण मात्र दाट द्रव पिणाऱ्यांत जास्त निघालं, सुमारे 6 टक्के विरुद्ध 2 टक्के. आणि त्याचं कारण सोपं आहे. दाट पाण्यानं तहान भागत नाही, त्यामुळे लोक पितच नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात हा फरक किती असेल याची कल्पना करा.

आणि ही यादी पाळायची कुणी? सुनेनं, नाहीतर थकलेल्या बायकोनं. सासूबाई चहा मागतात, ती देत नाही, तर ती निर्दय. तिनं दिला आणि ठसका लागला, तर ती बेजबाबदार. शिकवणाऱ्यानं तिला अशा जागी उभं केलेलं असतं की ती काहीही करो, दोषी तीच. रुग्ण पुरुष असेल तर त्याचा रागही तिच्यावरच निघतो.

आग्रही : तुमची ही तक्रार मी पूर्णपणे घेते. मनाई म्हणजे शिकवणं नव्हे. शिकवणं म्हणजे काय देता येईल ते स्वयंपाकघरात उभं राहून दाखवणं. आपल्याकडे त्याची सामग्री भरपूर आहे आणि परदेशी तक्त्यांत ती नसते. गुरगुट्या भात तूप-मेतकूट घालून नीट घोटला तर एकसंध गोळा होतो, तोंडात विखुरत नाही. तोच भात वर पातळ आमटी घालून दिला तर अवघड होतो, कारण आमटी आधी धावते आणि शितं मागे राहतात. एकाच घासात दोन वेग. दुधात कुस्करलेली भाकरी लोकांना मऊ म्हणून सोपी वाटते, पण तिचंही तसंच. ती दूध पूर्ण शोषून लापशीसारखी होईपर्यंत भिजवली आणि घोटली तर चालते. चहात बुडवलेलं बिस्कीट अर्ध्या मिनिटात मऊ होतं, पण वरचा चहा वेगळा पाजला जातो. पोहे कोरडे आणि सुटे, कुरमुरे तर विचारायलाच नको. साबुदाणा मऊ असला तरी चिकट आणि गोल. पिठलं चांगलं, गुठळ्या नसतील तर. नाचणीची आंबील चांगली, पण तिथं एक मेख आहे. पिष्टाचा दाटपणा लाळेनं मोडतो. तोच उष्टा चमचा पुन्हा पुन्हा वाटीत गेला की जेवण संपेपर्यंत आंबील पाण्यासारखी होते. भरवणाऱ्या बाईला हे दोन वाट्या शेजारी ठेवून दाखवलं तर ती आयुष्यभर विसरत नाही. कागदावर लिहिलं तर वाचतही नाही.

दाटपणा मोजायलाही साधी रीत आहे. जगभर आता 0 ते 7 अशा पायऱ्या मानतात. ठरावीक मापाच्या 10 मिलीच्या सिरिंजच्या टोकाला बोट लावून तिच्यात द्रव भरायचा, बोट काढायचं आणि 10 सेकंदांनी किती उरलं ते बघायचं. 1 मिलीहून कमी उरलं तर तो पाण्यासारखा पातळ, काहीच गळलं नाही तर चमच्यानंच खायचा. घट्ट पदार्थांसाठी काटा किंवा चमचा पुरतो. पाण्याबद्दल म्हणाल तर अमेरिकेत केंटकीमधल्या लुईव्हिलच्या फ्रेझियर पुनर्वसन केंद्रानं 1984 पासून वेगळी वाट धरली. दाट द्रवावर असलेल्यांना जेवणाच्या मधल्या वेळात, तोंड नीट स्वच्छ करून, साधं पाणी पिऊ द्यायचं. जेवताना नाही, गोळीबरोबर नाही. स्वच्छ तोंडातून थोडं पाणी फुप्फुसात गेलं तरी शरीर बहुधा ते निभावतं, या आधारावर. प्रत्येकाला ते चालणार नाही, फुप्फुसं आधीच कमजोर असतील तर नाहीच. पण सुनेला ‘पाणी नको’ सांगण्यापेक्षा ‘आधी ब्रश, मग पाणी’ सांगणं माणुसकीला धरून आहे.

साशंक : हे असं कुणी शिकवलं तर मी माझ्या दवाखान्यात जागा द्यायला तयार आहे. पण मी आणखी एक प्रश्न मघापासून मागे ठेवला आहे. अल्झायमरच्या शेवटच्या टप्प्यातल्या आजी. माणसं ओळखत नाहीत, घास तोंडात धरून बसतात. त्यांना व्यायाम समजणार नाही. नाकातली किंवा पोटातली नळी त्यांचं आयुष्य वाढवत नाही, न्यूमोनियाही टाळत नाही. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीनं 2014 मध्ये स्पष्ट सांगितलं की अशांना नळी घालू नका, जपून हातानं भरवा. म्हणजे इथं घरच्यांना द्यायचं शिक्षण असं की आता गिळणं सुधारणार नाही, आणि तरीही तुम्ही भरवता ते योग्यच आहे. हे वाक्य उच्चारायला कोण तयार होतं? आमच्याकडे मुलगा म्हणतो, नळी घाला, लोक म्हणतील उपाशी ठेवलं. आणि जो शुद्धीवर आहे, समजून-उमजून म्हणतो की मला धोका कळतो, पण मला माझा सकाळचा चहा पातळच हवा, त्याचं काय? त्याला विचारतं कोण? आमच्याकडे रुग्ण खाटेवर असतो आणि निर्णय व्हरांड्यात होतो. मला वाटतं, काही वेळा सगळे व्यायाम आणि सगळी पथ्यं बाजूला ठेवून त्या माणसाला दोन घोट सुखानं पिऊ देणं हीच वैद्यकी आहे.

आग्रही : काही वेळा. पण त्या ‘काही वेळा’ची मला भीती वाटते, डॉक्टर. तुम्ही सांगितलेल्या आजींबद्दल माझा वाद नाही. शुद्धीवरच्या माणसाला धोका समजावून त्याचा त्याला निर्णय घेऊ द्यावा, इथंही नाही. पण तुमच्यासारख्या कनवाळू डॉक्टरांच्या हातून मी दुसरीही गोष्ट होताना बघते. पक्षाघात होऊन दोन महिने झाले, नळी नाकात आहे, वय बहात्तर. डॉक्टर म्हणतात, आता काय होणार, राहू दे. पण गिळणं काही जणांचं तिसऱ्या महिन्यात परततं, काहींचं त्याहूनही नंतर. फक्त ते परतलंय का, हे कुणी बघत नाही. घसा सुधारलेला असतो आणि नळी तशीच असते. दर काही आठवड्यांनी बदलली जाते, कारण बदलायची तारीख लिहिलेली आहे. काढता येईल का हे तपासायची तारीख कुणी लिहिलेली नसते. तुमची दया आणि त्या माणसाला लवकर सोडून देणं, यांच्यातली रेषा तुम्ही कुठं आखता?

साशंक : वयावरून आखत नाही. इतकं सांगू शकतो. आजार वाढत जाणारा आहे की थांबलेला, माणूस जागा आहे की नाही, लाळ स्वतः गिळतो की गळते, ठसका जोरात मारतो की नाही, यावरून अंदाज करतो. पण अंदाजच. बेरियमची तपासणी नसताना मी सोडून देतो तेव्हा बरोबर असतो की चूक, हे मला त्या रुग्णात कधीच कळत नाही. तुम्ही व्यायामाला लावता तेव्हा तुम्हालाही कळत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आग्रही : मग आपल्या दोघांत फरक उरला तो इतकाच. माहिती अपुरी असताना तुम्ही थांबण्याकडे झुकता आणि मी करून बघण्याकडे. तुमच्या बाजूला दमलेला म्हातारा आहे, माझ्या बाजूला विसरलेली नळी. कोणाच्या चुकीची किंमत जास्त, ते माणसागणिक बदलेल. ते मी इथं बसून ठरवू शकत नाही.

साशंक : मीही नाही. पण विसरलेली नळी हा मुद्दा मी तुमच्याकडून घेऊन जातो, कारण तो पुराव्याचा वाद नाही, कामातली कुचराई आहे. ज्या रुग्णालयांतून ही माणसं घरी पाठवली जातात त्यांना माझी विनंती आहे. व्यायामाचा छापील कागद द्यायचा तर द्या, पण डिस्चार्ज कार्डावर चार ओळी हातानं लिहा. गिळण्यात नेमकं काय बिघडलं आहे, की ते तपासलेलंच नाही. घरी कोण भरवणार आहे आणि त्या व्यक्तीनं तुमच्यासमोर एकदा भरवून दाखवलं का. तोंड दिवसातून किती वेळा धुवायचं. आणि नळी निघू शकते का हे बघायला कोणत्या तारखेला, कुणाकडे यायचं.